१६५० पिळून काढू की नवीन कार्ड घेऊ?

प्रश्न जळगावच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. त्याच्याकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, चार जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड, ४५० वॅटचा 'लोकल' एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि १४४ हर्ट्झचा २४ इंची मॉनिटर आहे. व्हॅलोरंट या गेममध्ये मध्येच फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळतात, सायबरपंक हा गेम तर मीडियमवरही रखडतो. कुठल्याशा व्हिडिओत १६५० ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या गतीच्या वर पळवून, 'तीस टक्के जास्त' फ्रेम्स मिळाल्याचं त्यानं पाहिलंय. आता ओव्हरक्लॉक करू का, कार्ड जळेल का, आणि नवीनच घ्यायचं तर २५-२८ हजारांत काय घेऊ, असं विचारतोय.

पहिल्यांदा हे लक्षात घे, की तुझी दोन दुखणी वेगवेगळी आहेत. व्हॅलोरंटचा आजार तुझ्या ग्राफिक कार्डाचा नाहीच. सायबरपंकचा आहे, पण तो ओव्हरक्लॉकनं बरा होणारा नाही. वीस वर्षं पीसी जोडतोय आणि दुरुस्त करतोय. दुकानात येणारी निम्मी मुलं 'कार्ड बदला' म्हणत येतात आणि त्यातली बरीचशी रॅमची स्टिक घेऊन परत जातात.

तुझ्या पीसीच्या पोटातलं कुठलं यंत्र दमतंय ते आधी बघ. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाक, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, त्यातून गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. हे कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं, एमएसआयचंच कार्ड लागतं असं नाही. जीपीयूचा (कार्डावरच्या चिपचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), तापमान आणि प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड (एका वेळी चालणारा कामाचा धागा) वेगळा, एवढं लाव. एकूण सीपीयू वापर बघून फसू नकोस. बारा थ्रेडपैकी दोनच घामाघूम झाले असतील तरी एकूण आकडा चाळीस टक्केच दिसतो आणि आपण म्हणतो प्रोसेसर तर आरामात आहे. फ्रेम्स पडतात त्या क्षणी जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. साठ-सत्तरवर लोळत असेल तर कार्ड मोकळं आहे, प्रोसेसर किंवा रॅम त्याला काम पुरवू शकत नाहीये. व्हॅलोरंटमध्ये तुला हेच दिसेल, पैज लावतो.

कारण ती एक स्टिक. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन लावल्या की ५१.२. रायझन ३००० मालिकेला हा फरक चांगलाच जाणवतो. त्यातून दुकानदारानं बोर्डाच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, चालू केली नसेल, तर ३२०० ची रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर झोपून असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक कर, वेग लिहिलेला असतो. तेवढ्यात हेही बघून घे की डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय की अजून ६० वरच आहे. हसू नकोस, दोन वर्षं ६० वर खेळलेला गिऱ्हाईक मी पाहिलाय.

आता सायबरपंक. तिथे जीपीयू ९९ वर आणि व्हीरॅम काठोकाठ भरलेली दिसेल. चार जीबी भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो, आणि तो कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेनं परत ओढताना जो झटका बसतो त्याला आपण स्टटर म्हणतो. ओव्हरक्लॉकनं चिपचा वेग वाढेल, चार जीबीचे सहा जीबी होणार नाहीत. टेक्स्चर लो वर आण आणि एफएसआर चालू कर, त्यात चित्र लहान काढून मोठं केलं जातं आणि कार्डाचं काम हलकं होतं. तसंच काम करणारं डीएलएसएस १६५० वर चालत नाही, त्याला आरटीएक्स लागतं. एफएसआर ३ पर्यंत तशी अट नाही.

एवढं करूनही हात शिवशिवत असतील, आणि या वयात ते शिवशिवायलाच पाहिजेत, तर ओव्हरक्लॉक जरूर कर. फक्त कशासाठी करतोयस ते माहीत असू दे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बोर्डावर बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट गती, फुकट! ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती त्या काळातली आहे. ग्राफिक कार्डात २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हीडियानं जीपीयू बूस्ट आणलं. तेव्हापासून कार्ड स्वतःच तापमान आणि वॅट बघून जमेल तेवढं वर जातं. लिंबू कंपनीनंच पिळून दिलेलं असतं, आपल्या वाट्याला साल येते.

तुझ्या १६५० ची आणखी एक अडचण आहे. त्याला वेगळी पॉवर केबल नसेल, तर ते पूर्ण बोर्डाच्या स्लॉटवर जगतं. स्लॉटची मर्यादा ७५ वॅट, त्यातही १२ व्होल्टच्या लाइनवर साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॅटच. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० या मर्यादेपेक्षा जास्त वीज स्लॉटमधून ओढतंय म्हणून गदारोळ झाला होता आणि आठवडाभरात ड्रायव्हर बदलून ते सावरावं लागलं. त्यामुळे बिनाकेबलच्या कार्डात आफ्टरबर्नरमधला पॉवर लिमिटचा स्लायडर बहुधा १०० च्या पुढे सरकतच नाही. तू कोअर क्लॉकला +१५० दिलेस तरी कार्ड ७५ वॅटच्या छताला डोकं आपटून परत खाली येतं.

म्हणून या कार्डात खरी कमाई मेमरीत आहे. तुझं कार्ड जीडीडीआर५ चं असेल तर आफ्टरबर्नरमध्ये मेमरी ४००० च्या आसपास दिसेल, म्हणजे प्रत्यक्षात ८ गिगाबिट आणि बँडविड्थ सेकंदाला १२८ जीबी. तिथे +५०० टिकलं तर ती १४४ होते, साडेबारा टक्के जास्त. २०२० मध्ये आलेलं जीडीडीआर६ वालं १६५० असेल तर मुळातच १९२ मिळते, तिथे एवढा फरक पडत नाही. दोन्हींच्या खोक्यावर १६५० च लिहिलेलं असतं. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडलं की कुठलं आहे ते कळतं.

करायचं कसं ते सांगतो. आधी काहीही न हलवता सुपरपोझिशन ही कार्डाला गुण देणारी चाचणी दोनदा चालव आणि गुण वहीत लिही. हो, वहीतच, कारण मशीन हँग झालं की नोटपॅडमधलं जातं. मग फक्त कोअर, +५० पासून, पंचवीस-पंचवीसनं वर. जिथे गेम आपोआप बंद पडून डेस्कटॉप दिसतो, तिथून तीस-चाळीस खाली ये आणि थांब. मग कोअर शून्यावर नेऊन फक्त मेमरी, शंभर-शंभरनं. दोन्ही एकदम वाढवलंस तर कोण पडलं ते कळत नाही. मेमरी ताणली गेली की खुणा दिसतात: आधी आकाशात किंवा भिंतीसारख्या सपाट रंगावर एखाददुसरा ठिपका चमकून जातो. डोळा चोळून परत बघावं तर नसतो. तो भास नसतो. आणखी वर गेलास की रंगीत चौकडी उमटायला लागते. नव्या कार्डांवर, विशेषतः जीडीडीआर६एक्स वाल्यांवर, हे ठिपकेही दिसत नाहीत. चुकलेला डेटा मेमरी पुन्हा मागवते, चित्र स्वच्छ राहतं आणि गुण मात्र घसरतात. म्हणून प्रत्येक पायरीला गुण मोजायचे. स्लायडर वर आणि गुण खाली, असं झालं की मागे फिर.

विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करायची खूण पहिला आठवडाभर करू नकोस. कच्चा ओव्हरक्लॉक तिथे लागला की मशीन सुरू होतं, पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा पडतं, आणि मग सेफ मोडमध्ये जाऊन ते काढत बसावं लागतं.

कार्ड जळेल का? स्लायडरनं नाही. व्होल्टेजची कमाल मर्यादा कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्येच, म्हणजे त्याच्यातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच बांधलेली असते, तू फार तर ड्रायव्हर पाडशील. कार्डं मरतात ती दुसऱ्याच कार्डाचा बायोस चढवल्यानं, बंद पडलेल्या पंख्यानं आणि फडतूस एसएमपीएसनं. त्या तिसऱ्याकडे पुढे येतो.

मागे माझ्याकडे आलेल्या एका १६५० वर ही सगळी कसरत केली होती. ज्या गेममध्ये ४५ फ्रेम्स होत्या तिथे ४९ झाल्या. आकडे लावले नसते तर त्या पोराला काही कळलंही नसतं. तीस टक्केवाल्या व्हिडिओत डाव्या आणि उजव्या बाजूला सेटिंग तरी एकच होती का, ते परत एकदा बघ.

मला स्वतःला ओव्हरक्लॉकपेक्षा अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देणं, जास्त आवडतं, आणि जळगावात राहणाऱ्यानं तर तेच करावं. चिप जेवढी वीज खाते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती तीच ठेवून १ व्होल्टचं ०.९ केलंस तर चिपचा खर्च ढोबळमानानं एकोणीस टक्के उतरतो. ज्या कार्डाला वॅटचं छत आहे, त्याला उरलेल्या वॅटमध्ये आणखी वर जायला जागा मिळते. म्हणजे व्होल्टेज कमी केल्यानं कार्ड जोरात पळतं. ऐकायला उलटं वाटतं, पण १६५० वर साध्या स्लायडरपेक्षा हाच रस्ता चांगला लागू पडतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि गतीचा आलेख उघडतो. खाली व्होल्टेज, बाजूला मेगाहर्ट्झ. ०.९ च्या आसपासचा ठिपका उचलून कार्ड एरवी गेममध्ये जेवढ्यावर चालतं तेवढ्या गतीला नेऊन ठेव, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच पातळीत आडवे कर आणि लागू कर. पडलं तर एक पायरी उजवीकडे सरक. प्रत्येक चिपचा पिंड वेगळा असतो, मित्राचा आकडा उतरवून घेऊ नकोस.

आणि चाचणी मे महिन्यात घे. डिसेंबरात रात्री अकरा वाजता पक्का वाटलेला ओव्हरक्लॉक मे महिन्यात दुपारी अडीचला गुडघे टेकतो, कारण खोलीचं तापमान जेवढं चढतं जवळपास तेवढंच कार्डाचंही चढतं. तुमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, पंख्याखालची खोलीही अडतीसच्या खाली येत नाही. ज्या कार्डाचा थंडीत ६८ आकडा होता ते ८३ च्या आसपास जाऊन स्वतःच गती कमी करू लागतं. कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नकोस. त्या हवेत ओल असते, बोअरच्या पाण्याचे क्षार असतात आणि हीटसिंकवर धूळ चिखलासारखी बसते. असं एक कार्ड उघडलं होतं. पंखा काढला तर खाली पत्र्यांवर राखाडी रंगाचं कापडच विणलेलं, नखानं कडा उचलली तर अख्खा तुकडा घोंगडीसारखा निघाला. ब्रश आणि ब्लोअर फिरवून नवी पेस्ट लावल्यावर कार्ड चौदा अंशांनी उतरलं. ओव्हरक्लॉकची गरजच उरली नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव. हवेनं तो भरमसाट वेगात फिरला तर बेअरिंग जातं.

आता नवीन कार्ड. ते निवडण्याआधी एसएमपीएसच्या पोटावरचं लेबल वाच. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं, पण तुला '+१२ व्होल्ट' खालचा अँपिअर हवाय. तिथे २२ असेल तर बावीस गुणिले बारा, २६४ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच लाइनवर जेवतात. तुझा ३६०० भरात असताना ८८ वॅटपर्यंत घेतो, बोर्ड-पंखे-डिस्कला पन्नास धर. त्यात आरटीएक्स ३०६० चे १७० मिळवले की तीनशेच्या वर गेलास, आणि कार्ड क्षणभर का होईना, लिहिलेल्या आकड्याच्या वर उसळी मारतं. ३०६० काय किंवा ४०६० काय, एनव्हीडिया ५५० वॅट सांगते ती उगाच नाही.

तुझ्या लोकल एसएमपीएसला कार्डासाठी ६ किंवा ८ पिनची केबल नसणार. मग दुकानदार दहा-वीस रुपयांचा साटाचा ॲडाप्टर काढून देईल. तो घेऊ नकोस. साटाच्या टोकातून १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट जायला परवानगी आहे. सहा पिनवर कार्ड ७५ मागू शकतं, आठ पिनवर १५०. माझ्याकडे एक मशीन आलं होतं, 'गेममध्ये बॉम्ब फुटला की पीसी बंद होतो' या तक्रारीचं. झाकण काढताच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. ॲडाप्टरची पिवळी वायर कनेक्टरमध्ये वितळून चिकटली होती, पकडीनं ओढून काढावी लागली. कार्ड वाचलं, नशीब त्याचं. तेव्हा तुझ्या बजेटातून आधी चांगला ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस बाजूला काढ. ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तोही ३६० वॅटचाच असतो, मॉनिटरसकट. दिवे गेल्यावर त्यानं माना टाकल्या तर कार्डाला शिव्या देऊ नकोस.

कार्ड कुठलं, याला तुझं बी४५० बोर्ड महत्त्वाचं आहे. ते पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे. आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि आरएक्स ६६०० ही आठच लेनची (डेटा जायच्या वाटांची) कार्डं आहेत. ३.० च्या बोर्डावर ती थोडी मागे पडतात, आणि व्हीरॅम भरली की जास्तच. जगबुडी नाही, पण माहीत असावं. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि चारच जीबी, ते फुकट दिलं तरी तुझ्या बोर्डावर नको. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही सोळा लेनची आहेत. इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबीमुळे मोहात पाडेल, पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम उघडी करणारी सेटिंग) चालू लागतं आणि ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर जास्त पडतो. ३६०० सोबत मी ते लावणार नाही.

तुझ्या जागी मी असतो तर? एसएमपीएस आणि रॅमची स्टिक वजा जाता उरलेल्या पैशात ३०६० चं १२ जीबीवालं नवं मिळालं तर तेच घेतलं असतं. नाही मिळालं तर ६६००. ते १३२ वॅटवर भागवतं, आणि १०८० पीच्या मॉनिटरला तुझा ३६०० जेवढ्या फ्रेम्स पुरवू शकतो तेवढ्या ते आरामात काढतं. थांबायची तयारी असेल तर पैसे साठवून ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं घे. ते उद्या प्रोसेसर बदललास तरी पुरेल.

सेकंडहँडबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही, पण पंखे आणि थर्मल पॅड थकलेले असतात. समोर बसून वीस मिनिटं गेम चालवून घे, स्क्रू उघडलेले आहेत का ते बघ, आणि जीपीयू-झेड लाव. जुन्या कार्डाचा बायोस बदलून १०५० टीआय म्हणून खपवलेलं कार्ड असेल, तर नावापुढे 'फेक' असं ते सॉफ्टवेअरच लिहून दाखवतं. १०६०, १०७० वगैरे आता घेऊ नयेत. २०२५ च्या ऑक्टोबरपासून त्या पिढीला नव्या गेम्सचे ड्रायव्हर येणं बंद झालंय. तुझं १६५० ट्युरिंग पिढीतलं आहे, ते त्या यादीत नाही.

बसवताना फार काही नाही. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का ते पट्टीनं मोज. एनव्हीडियावरून एएमडीवर जाणार असशील तर आधी सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून जुना ड्रायव्हर धुऊन काढ. जुनं कार्ड ओढण्याआधी स्लॉटच्या टोकाची चिमटी दाब, ती न दाबता हिसका दिल्यामुळे स्लॉट उखडलेले बोर्ड माझ्याकडे येतात. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लाव, बोर्डाला नाही. तुझ्या ३६०० मध्ये ग्राफिक्सच नसल्यामुळे चूक झाली तर स्क्रीन काळी राहील आणि लगेच कळेल. इंटेलवाल्यांची खरी फजिती होते. चित्र येतं, नवं कार्ड आत नुसतं बसून राहतं आणि गिऱ्हाईक 'कार्ड डुप्लिकेट दिलंत' म्हणून भांडायला येतं.

आधी दुसरी स्टिक टाक, तेवढ्यावर चार दिवस खेळ आणि मग कार्डाचं ठरव. आणि १६५० भंगारात देऊ नकोस. बिनाकेबलचं असेल तर ऑफिसातून निघालेल्या जुन्या ब्रँडेड मशीनमध्ये ते सरळ बसतं. त्या मशीनच्या एसएमपीएसला बहुधा कार्डाची केबलच नसते, त्यामुळे अशी कार्डं शोधत येणारी मुलं माझ्या दुकानात दर महिन्याला असतात. आफ्टरबर्नरमधलं सगळं रिसेट करून, खोकं आणि बिल असेल तर त्यासकट विक.